हजर, गायब

साडेसातची घंटा झाली की माझा पडदा उजळतो:
चारशे बारा चौकटी, एकेक करून हिरव्या होणाऱ्या.
जुफैरच्या या अमेरिकन शाळेत मी हजेरीची बाई.
टेबलावर पाटी, ‘मिसेस परकार’,
खणात हर्णैहून आणलेला अडकित्ता.
सुरक्षेच्या नियमांत तो बसत नाही,
पण कुणी विचारलेलं नाही.

हर्णैच्या शाळेत आम्ही ‘हजर’ म्हणून ओरडायचो,
बाई वर न बघता टिंब द्यायच्या.
लुबना बंदरावर मासळी निवडायला गेली की
तिचं ‘हजर’ मी म्हणायचे,
आवाज थोडा जाड करून.

इथे फाटकावरचा मेहदी न आलेल्या मुलाला ‘घाइब’ म्हणतो.
त्याच्या अरबीत एवढंच, की आज आला नाही.
माझ्या कानापर्यंत येताना त्याचा गायब होतो.
अकरा वर्षं झाली, रोज सकाळी सात-आठ मुलं
माझ्यापुरती गायब होतात
आणि ताप उतरला की परत येतात.

सरावाच्या दिवशी सहावीतली ब्रिन येत नाही.
सराव म्हणजे दिवे बंद, दाराला कडी,
मुलं खिडकीपासून लांब, भिंतीला पाठ लावून,
आणि समजायचं की बंदूकवाला आत शिरलाय.
पाच गैरहजेऱ्या झाल्या. दहाला घरी पत्र जातं.

तिची आई माझ्या खिडकीशी आली.
म्हणाली, पोटदुखी लिहा.
मग काचेवरचं काहीतरी बोटानं पुसत म्हणाली,
ओहायोच्या शाळेत झाला तो सराव नव्हता.
मी कीबोर्डवरून हात काढून घेतले.

गुरुवारी पालकसभा, जिममध्ये, एसी नको तेवढा थंड.
एक बाप म्हणाला, सवय हवी मुलांना,
दोन वर्षांनी परत जायचंय आपल्याला.
एक आई म्हणाली, मग जायचं कशाला?
कुणीतरी ‘राइट्स’ म्हणालं आणि खुर्च्या करकरल्या.
राइट्स म्हणजे हक्क. तो शब्द तर इथलाच,
आमच्याकडे फक्त वाटणीच्या वेळी बाहेर निघतो.
मी दारात सह्या घेत होते.
त्रेसष्ट हजर.
निर्णय गैरहजर.

मंगळवारी ब्रिन आली.
वर्गात न जाता सरळ माझ्या टेबलाखाली शिरली,
वायरी आणि माझ्या चपला यांच्या मध्ये.
दिवे गेले. मीही खाली बसले, गुडघे कुरकुरले.
बाहेर उपमुख्याध्यापकांचे बूट,
एकेका दाराची मूठ हलवून बघणारे.
तेही सरावातच असतं.
आमच्या दाराशी आले तेव्हा
तिनं उघड्या खणातून अडकित्ता घेतला.
हे काय, तिनं ओठांनीच विचारलं.
सुपारीचं, मी सांगितलं, मराठीत, तिला काय कळणार.
ती तो उघडत राहिली, मिटत राहिली,
पात्यांचा जराही आवाज न करता.
एवढं निःशब्द राहायला ती कुठे शिकली
ते मला विचारावं लागलं नाही.

वॉकीटॉकी खरखरला:
चारशे बारा. आजारी सात. वर्गांत चारशे चार.
एक कुठे आहे, मिसेस परकार?

वर्गात असेल तर पी. नसेल तर ए.
उशिरा आली तर टी.
टेबलाखालच्या मुलीला अक्षर नाही.

‘हजर,’ मी म्हणाले. आवाज आपोआप जाड झाला.
‘काय?’ तिकडून.
मी गप्प. इंग्रजी शब्द जवळ असूनही सापडेना.
तेवढ्यात फाटकावरून, त्याच चॅनलवर, मेहदी:
‘हादिर, सर. हादिर. ती सांगतेय, आहे.’

दिवे आले. ब्रिनच्या पायाला मुंग्या आल्या होत्या,
ती खुर्ची धरून उभी राहिली, पाणी मागितलं.
अडकित्ता तिनं खणात ठेवला, होता तसा, तिरका.

संध्याकाळपर्यंत एक चौकट पांढरीच होती.
घरी जाताना मी तीही हिरवी केली.
पत्राचा मसुदा पुसला मात्र नाही.
अजून पाच शिल्लक आहेत.
शाळा जूनपर्यंत.